राहिलेले बाजार

तोंडात लवंग असेपर्यंत अक्कांशी बोलायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं. मी बदली होऊन धुळ्याला आले होते. बायकांच्या मेडिसिन वॉर्डात ड्यूटी लागली होती आणि अक्का तिथल्या इन्चार्ज सिस्टर होत्या. मला वाटलं, दातदुखी असेल. मी औषधांच्या ट्रॉलीजवळ गेले आणि म्हटलं, "अक्का, मी नवीन, आजच जॉइन..." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातली गोळ्यांची वाटी उलटी करून सगळ्या गोळ्या परत ट्रेमध्ये टाकल्या, केसपेपर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला आणि त्या एका बाईचं औषध नव्याने काढलं. मग पुढची बाई. पुढची. शेवटच्या खाटेपर्यंत. ट्रॉली जागेवर लावून लवंग चावून गिळली आणि मग म्हणाल्या, "हं, बोल. तुझ्यामुळे एका म्हातारीचं औषध मला दोनदा काढावं लागलं. गाव कोणतं?"

"रावेर."

"मग आजपासून तू रावेर."

आणि मी रावेरच राहिले. माझं नाव त्यांना माहीत होतं, ड्यूटीच्या तक्त्यावर त्याच लिहायच्या. पण हाक गावाच्या नावाने. साक्री होती, शिरपूर होती, एक परभणी होती. परभणी एकदा चिडून म्हणाली, "अक्का, माणसाला नाव असतं." अक्का म्हणाल्या, "पेशंटला असतं. ते विचारायला शीक आधी."

लवंगेचं कारण साधं होतं. औषधं वाटताना कोणी मध्ये बोललं की माणूस उत्तर देतो, आणि उत्तर देताना हात चालूच राहतात. अक्कांचं म्हणणं असं, की चुका हात करत नाहीत, बोलणं करतं. तोंडात लवंग असली की बोलता येत नाही, झोंबते. मोठे डॉक्टर राउंडला आले आणि अक्कांच्या गालात लवंग दिसली की तेही खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे. एकदा कुठल्याशा तपासणीसाठी मुंबईहून साहेब आले होते. त्यांनी तीनदा "सिस्टर" म्हणून हाक मारली. अक्कांनी गालाकडे बोट दाखवलं. साहेब बिचारे म्हणाले, "अरे, यांचा दात काढायला पाठवा ना कोणीतरी."

बांध्याने त्या ठेंगण्या, रुंद. चालणं असं, की पायाखालची फरशी आपल्या नावावर आहे. वडील नरडाण्याला स्टेशनवर हमाल होते. घर बौद्ध. शिकायचं, नोकरी करायची आणि कोणाच्या पाया पडायचं नाही, एवढी तीन वाक्यं वडिलांनी दिली आणि आपण तीनही पाळली, असं त्या सांगायच्या. यजमान लवकर गेले. देवपुरात दोन खोल्यांचं घर, एक मोपेड आणि एक मुलगी, ती पुण्याला. डब्यात बारा महिने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. कोणी आपल्या डब्यातलं चाखून बघा म्हटलं तर चाखायच्या, पण "छान झालंय" म्हणायच्या नाहीत. कौतुक करायची त्यांना सवयच नव्हती. मी त्यांच्या हाताखाली सहा-सात वर्षं काढली. माझ्या कामाबद्दल त्यांनी काढलेला सगळ्यात मोठा उद्गार म्हणजे, "रावेर ड्यूटीवर असली की मला घरी झोप लागते." हे त्यांनी मला नाही, साक्रीला सांगितलं.

नाव विचारण्याचा त्यांचा एक नियम होता. नाव विचारायचं, सांगायचं नाही. म्हणजे "तुम्ही सुमनबाई ना?" असं म्हणायचं नाही. आमच्याकडच्या बायका सरकारी दवाखान्यात आल्या की सगळ्यालाच हो म्हणतात. जेवलात का, हो. दुखतंय का, हो. तुम्ही सुमनबाई का, हो. हो म्हटलं की आलेला माणूस लवकर जातो, एवढं त्यांना कळलेलं असतं. म्हणून "नाव काय तुमचं?" असं विचारायचं आणि ती तिच्या तोंडाने सांगेपर्यंत हात पुढे करायचा नाही. रोज, प्रत्येक वेळी, ओळख असली तरी.

एका पुढाऱ्यांची आई आमच्याकडे होती. पुढारी रोज भेटीला यायचे, बरोबर पाच-दहा माणसं. अक्का इंजेक्शन घेऊन गेल्या आणि विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?"

पुढारी भडकले. "चार दिवस झाले इथे आहेत त्या. सगळं धुळं ओळखतं माझ्या आईला. तुम्ही ओळखत नाही?"

"मी ओळखते हो, भाऊ," अक्का म्हणाल्या. "इंजेक्शन ओळखत नाही."

म्हातारी मात्र खूश झाली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिला तिचं नाव विचारत होतं. बाकी सगळ्यांसाठी ती साहेबांची आई होती. तिने नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, माहेरचं आडनाव सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून अक्का दिसल्या की आपणहून दंड पुढे करून नाव सांगायला लागली.

पण अक्कांचं खरं रूप बघायचं तर कोणाला घरी सोडताना बघावं. आमच्यातल्या बाकीच्या सिस्टर काय करायच्या? कार्ड हातात द्यायच्या, "ही सकाळी, ही दुपारी, ही रात्री, कळलं ना?" म्हणायच्या, ती बाई मान हलवायची, संपलं. अक्कांना हलणाऱ्या मानेची भीती वाटायची. "मान हलली की समजायचं, काही पोचलेलं नाही," म्हणायच्या.

त्या आधी दुकान मांडायला लावायच्या. म्हणजे बाईने घरून आणलेली सगळी औषधं, पिशवीतली, पदराच्या गाठीतली, तंबाखूच्या डबीतली, खाटेवर ओतायची. त्यात काय निघेल सांगता येत नसे. दिराच्या बी.पी.च्या गोळ्या, म्हशीच्या औषधाची पुडी, अर्धवट चोखून ठेवलेली खोकल्याची वडी. अक्का एकेक उचलून विचारायच्या, "ही कोणाची? ही कशाची?" आणि नको ते बाजूला काढायच्या.

मग नाटक. अक्का स्टुलावर बसायच्या, डोक्यावर ओढणी घ्यायच्या आणि आवाज बदलून अहिराणीत सुरू करायच्या. माझं माहेर रावेरकडचं, आमची बोली वेगळी, त्यामुळे पहिल्यांदा मला हसूच आवरेना.

"मी तुनी नणंद शे. गावथीन उनू. मना गुडघा भलता दुखी राहिनात व माय. तुले बरं वाटनं ना त्या गोईघाई? एक दे ना मले."

समोरच्या बाईने काय म्हणायचं, तर नाही म्हणायचं. दुसऱ्याच्या गोळ्या खायच्या नाहीत आणि आपल्या द्यायच्या नाहीत, हा धडा. पण दारी आलेल्या नणंदेला नाही म्हणणं आमच्या खानदेशात सोपं नाही. एक म्हातारी कनवटीची गाठ सोडत म्हणाली, "एक काय मांगस, बाई, दोन ले. चहा बी ठेवू का?"

अख्खा वॉर्ड हसला. अक्का हसल्या नाहीत. ओढणी खाली घेऊन म्हणाल्या, "मेली तुझी नणंद. आता परत कर." आणि पुन्हा नणंद होऊन आल्या. तिसऱ्या वेळी म्हातारी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "देवाव नही. दवाखानामा जा नि तुनी तू आन." तेव्हा कुठे तिला सोडलं. म्हातारीला एवढा जोर चढला होता, की जाता जाता तिने सुनेलाही दोन गोष्टी सुनावल्या.

आता त्या एका गोळीबद्दल सांगते, कारण अक्का म्हटल्या की मला तीच आठवते.

सांध्यांच्या एका आजारावर छोटीशी गोळी असते. बोटं सुजतात, सकाळी मूठ वळत नाही, तो आजार. गोळी चांगली आहे, पण आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर ती रक्तच बनू देत नाही आणि माणूस मरू शकतो. नोकरीच्या सुरुवातीला अक्कांनी असा एक माणूस मरताना पाहिला होता. बाकीच्या गोळ्या रोजच्या, म्हणून त्याने हीही रोज घेतली. त्या दिवसापासून या गोळीला त्या "ती बया" म्हणायच्या आणि तिच्या प्रत्येक पेशंटला, पुरुषांच्या वॉर्डातल्याही, स्वतः शिकवायच्या, आमच्यावर सोडायच्या नाहीत.

त्यांची शिकवण्याची पद्धत त्यांनी स्वतः काढलेली होती. वार सांगायचा नाही. बाजार सांगायचा. "वार कॅलेंडरवर असतो," त्या म्हणायच्या, "बाजार अंगात असतो." आणि खरंच आहे ते. रोजाने जाणाऱ्या बाईला आज मंगळवार की बुधवार, हे सांगता येईलच असं नाही. पण गावचा बाजार कधी, हे तिला झोपेतून उठवून विचारा. मजुरी त्या दिवशी हातात येते, मीठमिरची त्या दिवशी, पोरांचा खाऊ त्या दिवशी.

कोकिळाबाईला त्यांनी तसंच शिकवलं. ती शिंदखेडा तालुक्यातली. नवरा-बायको दोघं वर्षातले काही महिने आमच्या रावेरकडे केळीच्या कामाला जायची. तो घड कापायचा, ती पॅकिंगला, केळी धुऊन खोक्यात भरायची. बोटं सुजल्यापासून तिला फणी धरता येईना, म्हणून ती आली होती. त्या वेळी मी शेजारीच उभी होते.

"तुना गावना बाजार कव्हय भरस?"

"गुरवारले."

"मजुरी कव्हय भेटस?"

"बाजारना दिनले."

"मंग गोई बी बाजारना दिनले. एकच. बाकी दिन हात लावाना नही. सोळा सोमवार कयात का कधी?"

"कयात ना. दोनदा."

"तसं व्रत समज हे. चुकाडानं नही."

व्रत हा शब्द अक्का मुद्दाम वापरायच्या. स्वतः कसलंही व्रत केलं नव्हतं, मानतही नव्हत्या. पण आमच्या बायका व्रत किती काटेकोर पाळतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं. कोकिळाबाईने सगळं परत म्हणून दाखवलं. नणंदेला नाही म्हटलं, जावेला नाही म्हटलं. पुढच्या फेरीला आली तेव्हा मूठ वळवून दाखवली. त्यानंतरच्या फेरीला अक्कांसाठी केळीची फणी घेऊन आली. अक्कांनी ती वॉर्डात वाटली आणि स्वतः एकही केळं खाल्लं नाही.

मग टाळेबंदी आली. ते दिवस सगळ्यांनाच माहीत आहेत, मी वर्णन करत नाही. आठवडी बाजार बंद झाले. आमच्या वॉर्डात दुसरेच पेशंट आले, अक्कांच्या नाटकाला जागाच उरली नाही. पुढे लाट ओसरली, बाजार पुन्हा भरू लागले, वॉर्ड धुऊन पुन्हा मेडिसिनचा झाला, आणि एका सकाळी कोकिळाबाईला तिच्या नवऱ्याने उचलून आणलं.

मी तिला ओळखलं नाही. ताप, ओठ फुटलेले, तोंडात आत सगळीकडे पांढरे व्रण. पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. हातापायांवर कुठे मार न लागता काळेनिळे डाग. आमचे डॉक्टर तरुण होते पण हुशार. त्यांनी तोंड बघितलं आणि पहिला प्रश्न तोच विचारला, "ती आठवड्याची गोळी ही रोज घेते का?"

नवरा म्हणाला, "नही साहेब. बाजारना दिनलेच लेस. आक्कानी शिकाडेल शे तिले."

डॉक्टरांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, "हो. मी शिकवलं आहे. तिची चूक होणार नाही." त्यांच्या आवाजात किंचित ताठा होता. एरवी मी तो फार ऐकला नव्हता.

रक्त तपासायला गेलं. अक्कांनी सवयीने गाठोडं उघडलं, दुकान मांडलं. त्या गोळीच्या पट्ट्या निघाल्या. टाळेबंदीच्या आधी तीन महिन्यांच्या एकदम दिल्या होत्या, आणि नवऱ्याने नंतर धुळ्याहून आणखी नेल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच रिकाम्या होत्या. अक्कांनी त्या मोजल्या. मग खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाल्या, "कोकिया, गोई कव्हय कव्हय लिधी?"

ती कशीबशी बोलली. जीभ हलत नव्हती.

"बाजार बंद पडनात ना, अक्का... मंग गोई बी बंद. आते राहेल बाजार फेडी राहिनू. रोज एक."

मला कळायला एक क्षण लागला. अक्कांना लागला नाही.

बाजार भरत नव्हता, म्हणून तिने गोळी घेतली नव्हती. हात पुन्हा सुजले. तिला वाटलं, व्रत मोडलं म्हणून दुखणं परत आलं. आणि व्रत मोडलं तर काय करतात, हे काय तिला कोणी शिकवायला हवं? सोमवार राहिला तर तो नंतर पुरा करावा लागतो. तिने तसेच बाजार पुरे करायला घेतले. उशीर नको म्हणून रोज एक. मनोभावे, आंघोळ करून, उपाशीपोटी.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा अक्का दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "रोज घेतली आहे, सर. मी तिला व्रत म्हणून सांगितलं होतं, तिने फेडलं. केसपेपरवर तसं लिहा."

"सिस्टर, तुम्ही बरोबरच शिकवलं होतं. टाळेबंदी कोणाला माहीत होती?"

"बरोबर शिकवलं असतं तर ती त्या खाटेवर नसती."

मग त्यांनी तेच तिच्या नवऱ्याला सांगितलं. सांगायची गरज नव्हती, कोणी विचारलंही नव्हतं. तो भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्हनंच चुकनं तं मंग आमीन कोनावर भरोसा ठेवाना, अक्का?"

"माझ्यावर," अक्का म्हणाल्या. "पण विचारून. एकदा नाही, दहादा विचारायचं."

त्याने मान हलवली नाही. मला वाटलं, बरं झालं.

या गोळीला उतारा असतो. डॉक्टरांनी तो लगेच सुरू केला. पण तो चालेल की नाही, हे पुढचे काही दिवस कोणीच सांगू शकत नव्हतं. पांढऱ्या पेशी इतक्या कमी होत्या, की साध्या सर्दीनेही ती गेली असती. तिला कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं. अक्का रोज तिचं तोंड स्वतः साफ करायच्या, मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून, एकेक व्रण चुकवत. त्या दिवसांत दुपारच्या सुट्टीत अक्कांनी मला आणि शिरपूरला समोर बसवलं आणि त्या गोळीच्या सगळ्या पेशंटना फोन करायला लावले. एक बाबा नंदुरबारकडचे. त्यांनी बाजार बंद म्हणून गोळी बंद केली होती, ती अजून सुरूच केलेली नव्हती. बाकीचे ठीक होते. फेडणारी एकटी कोकिळाबाईच निघाली. सगळ्यांत जास्त मन लावून शिकलेली.

ताप उतरला. मग एक दिवस तिने पेज मागितली. मग भाकरी मागितली आणि मावशींशी भांडून ठेचाही मागितला, तेव्हा आम्ही समजलो. डॉक्टरांनी ती गोळी कायमची बंद केली आणि दुसरी, रोजची, सौम्य गोळी सुरू केली. घरी जायचा दिवस आला.

मला वाटलं, आता अक्का नणंद होणार. पण त्यांनी स्टूल ओढलं नाही. खाटेच्या कडेला बसल्या आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "घर गयी का काय करशी? मी काही सांगत नही. तूच सांग."

कोकिळाबाई म्हणाली, "आराम करसू. नवी गोई रोज लिसू, सकायले जेवन झावावर. बाजारना काही संबंध नही तिना."

"शाबास," मी म्हटलं. मला घाई होती, दुसरी अॅडमिशन आली होती.

अक्का उठल्या नाहीत. "आनि?"

"आनि..." तिने गाठोड्याकडे बघितलं. पहिल्या दिवशीच्या गडबडीत त्या पट्ट्या परत त्यातच गेल्या होत्या. "थोडा बाजार राही ग्यात अजून. अंगमा ताकद उनी का त्या बी फेडी टाकसू."

एवढं सगळं होऊन ही बाई घरी जाऊन उरलेल्या गोळ्या खाणार होती. आणि आम्ही तिला टाळ्या वाजवून निरोप दिला असता. मी तोंड उघडलं, "अगं बाई, ते विष आहे तुला, कळत कसं..." अक्कांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "पट्ट्या काढून घेऊ. आणि नीट समजावून सांगू."

"पट्ट्या काढून घेतल्या तर ती दुकानातून आणेल. समजावलं तर मान हलवेल." त्या परत गेल्या आणि तिला विचारलं, "नही फेडात तं?"

"व्रत अर्धं सोडता येत नही, अक्का. उद्यापन करनं पडस."

"मंग उद्यापन करू."

"आठे? दवाखानामा?"

"आठेच. पन मले येत नही. आमना घर नही करतस. तू सांग काय काय लागस, तसं करू."

आणि त्या बाईने सांगितलं. उठून बसली, पदर सारखा केला आणि अक्कांना शिकवायला लागली. नारळ लागतो. हळदकुंकू लागतं. ज्याचं व्रत, त्याचं उरलेलं घरात ठेवायचं नाही, सवाष्णीच्या ओटीत घालायचं, मग मागे काही राहत नाही. अक्का मध्ये मध्ये विचारत होत्या, "ओटी आधी का नारय आधी?" आणि ऐकलेलं परत म्हणून दाखवत होत्या. एकदा क्रम चुकला तर कोकिळाबाईने टोकलं, "तसं नही, अक्का. ध्यान द्या ना."

मावशींनी गेटवरून नारळ आणला, कुंकू कोणाच्या तरी पर्समधून आलं. वॉर्डाबाहेरच्या पायरीवर आम्ही जमलो. कोकिळाबाईने उरलेल्या पट्ट्या ओंजळीत घेतल्या आणि अडखळली. अक्कांच्या कपाळाकडे बघून खाली बघितलं.

"मी चालत नही ना?" अक्का म्हणाल्या. त्यांना राग आलेला नव्हता. निदान दिसला नाही. "ए रावेर, इकडे ये. तुला नवरा आहे ना?"

"आहे."

"बस मग खाली."

माझा नवरा तेव्हा जळगावात होता आणि आमचं आठवडाभर बोलणं बंद होतं. पण असण्यापुरता तो होता. मी युनिफॉर्मच्या ओढणीची ओटी करून पायरीवर बसले. मला हे सगळं पटलेलं नव्हतं, तसं मी नंतर अक्कांना सांगितलंही. कोकिळाबाईने मला कुंकू लावलं आणि एकेक पट्टी माझ्या ओटीत घातली. रिकाम्याही घातल्या. गाठोडं झटकून, पदराची गाठ सोडून दाखवली. मग नवऱ्याने पायरीच्या दगडावर नारळ वाढवला.

मी ओटी तशीच सांभाळत औषधांच्या खोलीत गेले आणि गोळ्या टाकाऊ औषधांच्या डब्यात टाकून, झाकण लावून परत आले. अक्का खोबऱ्याचे तुकडे करत होत्या. डॉक्टर जिन्यावरून येत होते. त्यांच्याही हातावर एक तुकडा आला.

"कशाचा प्रसाद, सिस्टर?"

"तिला विचारा," अक्का म्हणाल्या.

कोकिळाबाईने पदराने तोंड पुसलं. डॉक्टरांना काय सांगावं हे तिला कळेना, म्हणून ती अक्कांनाच म्हणाली, "बठ्ठं फिटनं."

"किती बाजार राहिनात?"

"एक बी नही."

"पुन्हा सांग."

"एक बी नही, अक्का."

अक्कांनी हात धुतले, कार्डावर सही केली आणि तिला घरी सोडलं.